विकण्याआधी तारीख, विकल्यावर पावती

बाळ, डिमॅट खातं उघडलंस हे तुझ्या बाबांकडून कळलं. बरं केलंस. हल्ली आपल्या मुंबईच्या उपनगरांत लोकल गाडीत बसायला जागा मिळाली की लोक आधी मोबाइल काढून भाव बघतात, मग घाम पुसतात. कुठला शेअर घ्यावा हे मात्र आत्याला विचारू नकोस. ते सांगणारे बोरिवली फास्टच्या प्रत्येक डब्यात भेटतील. मी सांगणार आहे ते घेतल्यानंतरचं. नफा झाला तर सरकारला किती द्यायचं, तोटा झाला तर काय करायचं, आणि डिव्हिडंडचे दीडशे रुपयेसुद्धा का लिहून ठेवायचे.

छोट्या माणसाचे पैसे कराच्या दरात जातात त्याहून जास्त न लिहिलेल्या तारखेत, न दाखवलेल्या तोट्यात आणि हरवलेल्या कागदात जातात. म्हणून माझी एक म्हण आधीच सांगून ठेवते: कर नफ्याला, दंड विसरण्याला. पुढचं सावकाश वाच. एका बैठकीत संपवलंच पाहिजे असं काही नाही.

आधी वहीची सवय

१. शेअर घेतला त्याच संध्याकाळी चार गोष्टी लिही: तारीख, कंपनी, संख्या, दर – दूधवाल्याचा खाडा त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहिला नाही तर महिनाअखेरीस आठवत नाही, तसंच हे आहे.

२. ब्रोकरकडून ईमेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट न उघडता पुसू नकोस, एका फोल्डरमध्ये ठेव – बाजारात घेतल्या-विकल्याची तारीख तिच्यावरची धरतात, शेअर किंवा पैसे खात्यात जमा झाल्याची नाही.

३. ब्रोकर बदलायचा असेल तर खुशाल बदल, पण जुनं खातं बंद करण्याआधी सगळ्या वर्षांचे हिशेब उतरवून घे – शेअर नव्या डिमॅटमध्ये येतात, त्यांची खरेदीची किंमत पुष्कळदा मागेच राहते.

४. ॲपवर दिसणाऱ्या सरासरी भावावर कर मोजू नकोस – डिमॅटमधून आधी आलेले शेअर आधी गेले असं कायदा धरतो, आणि हे प्रत्येक डिमॅट खात्याचं वेगळं मोजतो.

५. इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डरकडून कॉर्पसची रक्कम एकदम हातात आली, आणि घाटकोपरच्या पंतनगरापासून बोरिवलीपर्यंत हे आता घरोघरी चाललंय, तर शेअर टप्प्याटप्प्याने घे आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीत लिही – एकाच कंपनीचे पाच हप्ते म्हणजे कराच्या दृष्टीने पाच वेगळ्या खरेद्या.

६. दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी नफ्यातून वजा कर, एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, मात्र वजा करू नकोस – भांडवली नफा काढताना त्याची वजावट मिळत नाही.

नफ्याचं गणित

७. बाजारात नोंदलेला शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलास तर नफा लाँग टर्म, नाहीतर शॉर्ट टर्म, एवढं पाठ कर – २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाच्या दिवसापासून लाँग टर्मला साडेबारा टक्के आणि शॉर्ट टर्मला वीस टक्के कर आहे, वर त्या करावर ४ टक्के सेस.

८. लाँग टर्म नफ्यातले पहिले १ लाख २५ हजार दर आर्थिक वर्षात करमुक्त आहेत, हे विसरू नकोस – शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड दोन्ही मिळून माणशी एवढी सूट आहे, आणि या वर्षी न वापरलेली पुढच्या वर्षी मिळत नाही.

९. विकण्याआधी खरेदीची तारीख बघायची सवय लाव – २ लाखांच्या नफ्यावर शॉर्ट टर्मला सेससकट ४१,६०० रुपये जातात, लाँग टर्मला ९,७५०. कधी कधी या दोन आकड्यांमध्ये फक्त एका आठवड्याचा धीर असतो.

१०. पण केवळ कर वाचावा म्हणून नको झालेला शेअर धरून बसू नकोस – वाट बघताना भाव पडला तर वाचलेल्या करापेक्षा जास्त हातचं जातं.

११. लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताच्या सौद्यात घेतलेला शेअर पुढच्या मुहूर्ताला विकताना बोटांवर महिने मोज – २०२४ चा मुहूर्त १ नोव्हेंबरला होता आणि २०२५ चा २१ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीला वर्ष झालं पण १२ महिने भरले नाहीत. मुहूर्त तिथीचा, कर तारखेचा.

१२. ‘वर्षभर ठेव, मग टॅक्स नाही’ असं सांगणारे काका भेटले तर नमस्कार कर, पण ऐकू नकोस – ते १ ऑक्टोबर २००४ ते ३१ मार्च २०१८ पर्यंतचं खरं आहे. एसटीटी आला तेव्हा लाँग टर्म कर गेला होता, तो १ एप्रिल २०१८ पासून परत आला.

१३. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले जुने शेअर घरात असतील तर त्या दिवसाचा सर्वांत वरचा भाव शोधून ठेव – त्या दिवसापर्यंत वाढलेल्या किमतीवर कर लागत नाही. खरी खरेदी एका बाजूला, आणि तो भाव व विक्रीची किंमत यांतला कमी आकडा दुसऱ्या बाजूला, या दोहोंत जे जास्त ते खरेदी म्हणून धरतात.

१४. आयपीओ लागला की पेढे वाट, पण लिस्टिंगच्या दिवशी विकलास तर कराचे पैसे बाजूला काढून मग – टाटा टेक्नॉलॉजीजचा ५०० रुपयांचा शेअर ३० नोव्हेंबर २०२३ ला १,२०० वर उघडला. ३० शेअरच्या एका लॉटवर २१,००० चा नफा झाला, आणि तो पूर्ण शॉर्ट टर्म होता.

१५. आयपीओच्या शेअरचे १२ महिने अर्ज केल्यापासून मोजू नकोस, शेअर मिळाल्याच्या तारखेपासून मोज – अर्जाच्या दिवशी बँकेत पैसे फक्त अडकतात, शेअर तुझा झालेला नसतो.

१६. एसआयपीचा फंड विकताना ‘तीन वर्षं झाली’ असं एकदम म्हणू नकोस – प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचे १२ महिने वेगळे सुरू होतात, म्हणून शेवटचे बारा हप्ते अजून शॉर्ट टर्म असतात.

१७. बारा लाखांपर्यंत कर नाही असं ऐकून शेअरच्या नफ्याबाबत निर्धास्त होऊ नकोस – नव्या करप्रणालीतली ती सवलत पगार, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नाला आहे. १० लाखांचं असं करपात्र उत्पन्न आणि १ लाख शॉर्ट टर्म नफा असेल तर १० लाखांवरचा कर सुटतो, पण नफ्यावरचे २०,८०० भरावे लागतात.

१८. जुन्या करप्रणालीत असशील तर पीपीएफ आणि विम्याच्या वजावटी या नफ्याला लावू नकोस – त्या वजावटी बाकीच्या उत्पन्नाला आहेत, खास दराच्या भांडवली नफ्याला नाहीत.

१९. दर मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाँग टर्म नफा सव्वा लाखाच्या किती आत आहे ते बघ, आणि जागा असेल तर तेवढा नफा विकून घेऊन शेअर पुन्हा विकत घे – खरेदीची किंमत वर सरकते आणि वर्षाला जास्तीत जास्त १६,२५० रुपये वाचतात.

२०. मात्र असं करताना विकलेला शेअर त्याच दिवशी परत घेऊ नकोस, दुसऱ्या दिवशी घे – त्याच दिवशी घेतलास तर सौदा इंट्राडे ठरतो आणि केलेलं सगळं वाया जातं. परत घेतल्यावर १२ महिनेही नव्याने सुरू होतात, तेही वहीत लिही.

तोटा झाला तर

२१. तोटा झाला की मान खाली घालून गप्प बसू नकोस, रिटर्नमध्ये दाखव – दाखवलेला तोटा पुढच्या नफ्यावरचा कर कमी करतो. तोटा लपवला, तो दोनदा सोसला.

२२. शॉर्ट टर्म तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून, हे लक्षात ठेव – म्हणून पडलेला शेअर सोडायचाच ठरला असेल तर १२ महिने भरण्याआधी सोडलेला जास्त कामाला येतो.

२३. या वर्षी वजा न झालेला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच – ३१ जुलैची तारीख चुकवून डिसेंबरपर्यंत दंड भरून रिटर्न देता येतं, पण शेअरचा तोटा मागेच राहतो. जुलै चुकला, तो आठ वर्षांना मुकला.

२४. ओढत आणलेला तोटा दर वर्षीच्या रिटर्नमध्ये पुन्हा लिहिला गेलाय का ते नजरेखालून घाल – सीए बदलला, फॉर्म बदलला की मागच्या वर्षाचा आकडा गळतो, आणि तो आठवणारं घरात तुझ्याशिवाय कुणी नसतं.

२५. भाव पडला म्हणजे कराच्या हिशेबात तोटा झाला असं समजू नकोस – विकल्याशिवाय नफाही नाही आणि तोटाही नाही, मग स्क्रीनवर कितीही लाल दिसो.

२६. मे २०२२ मध्ये एलआयसीच्या आयपीओसाठी आपल्याकडे किती घरांत पहिलं डिमॅट उघडलं गेलं, त्यातले शेअर अजून असतील तर खरेदी ९४९ लिहू नकोस – पॉलिसीधारकांना ६० रुपये आणि किरकोळ गुंतवणूकदारांना ४५ रुपये सूट होती. म्हणून खरी खरेदी ८८९ किंवा ९०४ धरायची, प्रत्यक्ष दिलेली.

२७. लिस्टिंगनंतर तो शेअर खाली गेला तेव्हा ज्यांनी वर्षाच्या आत विकला आणि रिटर्नमध्ये दाखवला, त्यांच्या हातात आजही तो शॉर्ट टर्म तोटा आहे – १५ शेअरचा एक लॉट म्हणजे तोटा काही हजारांचाच असेल, पण कागदावर असला तर तो पुढच्या नफ्यातून वजा होतो.

२८. ज्या वर्षी लाँग टर्म नफा सव्वा लाखाच्या आतच आहे त्या वर्षी केवळ करासाठी म्हणून तोट्यातला शेअर विकू नकोस – तोटा आधी वजा होतो आणि सूट नंतर मिळते, म्हणजे आधीच करमुक्त असलेल्या नफ्यावर तोटा खर्ची पडतो.

२९. सकाळी घेऊन दुपारी विकलेल्या शेअरचा हिशेब वेगळ्या पानावर ठेव – इंट्राडेला सट्ट्याचा धंदा मानतात. नफ्यावर नेहमीच्या स्लॅबने कर लागतो, तोटा फक्त अशाच नफ्यातून वजा होतो आणि ४ वर्षंच पुढे जातो.

३०. एफ अँड ओच्या, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला जाण्याआधी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाच, हे मी हात धरून सांगते – २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर १०० सामान्य माणसांमागे ९३ जणांना तोटा झाला.

३१. तरी उतरलास आणि तोटा झाला, तर तो पगारातून वजा करायला जाऊ नकोस – तो धंद्याचा तोटा आहे. त्याच वर्षी व्याज, डिव्हिडंड, भांडवली नफा यांतून वजा होतो, पुढच्या ८ वर्षांत फक्त धंद्याच्या नफ्यातून, आणि त्यासाठी आयटीआर-३ भरावा लागतो.

डिव्हिडंडचं

३२. डिव्हिडंड करमुक्त असतो हे आता मनातून काढून टाक – १ एप्रिल २०२० पासून तो तुझ्या उत्पन्नात धरतात आणि तुझ्या स्लॅबने कर लावतात. त्याआधी कंपनीच कर भरून पैसे पाठवायची.

३३. दीडशे रुपयांचा डिव्हिडंडही वहीत लिही – एका कंपनीकडून वर्षाला १०,००० पर्यंत टीडीएस कापत नाहीत, पण न कापलेलं म्हणजे करमुक्त नव्हे. आणा लिहिला, तर रुपया राहिला.

३४. १०,००० च्या वर डिव्हिडंड आला की १० टक्के कापून येतो, तेव्हा बँकेत जमा झालेली नव्हे, कापण्याआधीची पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखव – कापलेला कर तुझ्या नावावर जमा आहे, तो शेवटी वळता होतो किंवा रिफंड म्हणून येतो.

३५. पॅन आधारशी जोडलेला आहे ना, ते एकदा तपासून घे – पॅन निष्क्रिय असला तर १० ऐवजी २० टक्के कापतात, आणि ते परत मिळवायला रिटर्नची वाट बघावी लागते.

३६. आजी-आजोबांचं उत्पन्न करपात्र नसेल तर त्यांचा स्वयंघोषणेचा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच कंपनीच्या रजिस्ट्रारकडे भरून टाक, तोच तो १५जी-१५एच म्हणून ओळखला गेलेला – कापलेले पैसे मागण्यापेक्षा न कापू देणं सोपं.

३७. कंपनीने शेअर परत विकत घ्यायची ऑफर दिली तर ‘हो’ म्हणण्याआधी त्या वर्षीचा नियम विचार – १ ऑक्टोबर २०२४ ला बायबॅकचे पूर्ण पैसे डिव्हिडंड मानायचा नियम आला होता, आणि हा नियम एकसारखा बदलत आलाय.

बोनस, स्प्लिट आणि वेगळं झालेलं घर

३८. बोनस शेअर आले की खरेदी शून्य आणि तारीख बोनस मिळाल्याची, अशी नवी ओळ लिही – रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा ॲपने भाव निम्मा दाखवला, पण करासाठी जुने शेअर जुन्याच किमतीचे राहिले. फुकटच्या शेअरला शून्याची खरेदी.

३९. बोनस जाहीर झाला म्हणून घाईने शेअर घेऊन नंतर मूळचे तोट्यात विकायची युक्ती कुणी शिकवली तर करू नकोस – रेकॉर्ड डेटच्या आधीच्या ३ महिन्यांत घेऊन नंतरच्या ९ महिन्यांत विकले आणि बोनस ठेवले, तर तो तोटा मानत नाहीत, बोनसच्या खरेदीत मिळवतात.

४०. स्प्लिट झाला तर नवी तारीख लिहू नकोस, जुनीच ठेव आणि किंमत तेवढ्या भागांत वाटून दे – एका नोटेचे सुटे घेतले म्हणून नवी कमाई झाली असं कुणी म्हणत नाही.

४१. एका कंपनीतून दुसरी वेगळी झाली तर कंपनीने सांगितलेलं प्रमाण जपून ठेव – २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल निघाली तेव्हा खरेदीचा ४.६८ टक्के भाग जिओला गेला. म्हणजे २,००० ला घेतलेल्या रिलायन्सची खरेदी १,९०६.४० झाली आणि जिओची ९३.६०, तारीख मात्र दोन्हींची जुनीच.

घरातल्या माणसांचं

४२. कर वाचवायला जोडीदाराच्या नावावर पैसे टाकून शेअर घेऊ नकोस – त्यावरचा नफा, तोटा आणि डिव्हिडंड देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. नाव एकाचं, कर दुसऱ्याचा.

४३. आईला पैसे द्यायचे असतील तर मनापासून दे आणि ते तिचेच राहू दे – आईबाबांना दिलेल्या पैशावरचं उत्पन्न तुझ्यात मिळवत नाहीत, आणि त्यांना त्यांची स्वतःची सव्वा लाखाची सूट असते.

४४. आईचं व्याजाचं उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर उरलेली जागा शेअरच्या नफ्याला वापरता येते, हे रिटर्न भरताना सीएला आठवण करून दे – नव्या करप्रणालीत अडीच लाख व्याज आणि १ लाख शॉर्ट टर्म नफा असलेल्या निवासी माणसाला काहीच कर येत नाही.

४५. आजोबांचे शेअर वारशाने आले तर आल्याबद्दल कर नाही, पण त्यांच्या खरेदीचे कागद शोधून ठेव – विकताना तारीख आणि किंमत आजोबांचीच धरतात, म्हणून लाँग टर्मचा फायदा तुला आयता मिळतो.

४६. ट्रंकेत कागदी सर्टिफिकेट सापडली तर कुणाला परस्पर विकायला जाऊ नकोस, आधी डिमॅट करून घे – १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून नावावर करता येत नाहीत, आणि बाजाराबाहेर एसटीटी न भरता विकले तर सव्वा लाखाची सूटही जाते.

४७. डिव्हिडंड वर्षानुवर्षं बँकेत जमा झाला नसेल तर पत्ता आणि खातं आजच दुरुस्त कर – सलग ७ वर्षं न घेतलेला डिव्हिडंड आणि त्यामागचे शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. परत मिळतात, पण कागदांच्या फेऱ्या मारून.

४८. शेअर विकून घर घ्यायचं असेल तर विकण्याआधी सीएकडे जा – लाँग टर्म नफ्यावरचा कर पूर्ण वाचवायचा तर नुसता नफा नव्हे, विक्रीची पूर्ण रक्कम घरात घालावी लागते. तयार घर असेल तर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं, बांधून घ्यायचं असेल तर ३ वर्षांत, आणि विकताना तुझ्या नावावर एकापेक्षा जास्त घर नको.

४९. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये परदेशी कंपनीने तुला शेअर दिले असतील तर ते न विकताही रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिही – तिथला हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो. अशा शेअरना लाँग टर्म व्हायला १२ नव्हे २४ महिने लागतात, आणि न सांगितल्याचा दंड जबर आहे.

मार्च ते जुलै

५०. शेअर विकून नफा हातात आला त्याच दिवशी कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाक – बाजार पुढच्या महिन्यात पडला तरी झालेल्या नफ्यावरचा कर कमी होत नाही.

५१. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्यावर जात असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा मोबाइलमध्ये लावून ठेव – नफा होईल तेव्हापासूनच्या हप्त्यांत भरलास तर व्याज लागत नाही. साठी उलटलेल्या आणि धंदा नसलेल्यांना यातून सूट आहे.

५२. रिटर्न भरण्याआधी प्राप्तिकराच्या पोर्टलवरचा एआयएस, म्हणजे तुझ्या वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा, उतरवून तुझ्या वहीशी ताडून बघ – विकलेले शेअर आणि आलेले डिव्हिडंड तिथे दिसतात. खरेदीची किंमत मात्र चुकलेली असू शकते, तेव्हा तिथेच दुरुस्ती नोंदव आणि वहीतली खरी किंमत धर.

५३. फॉर्म निवडताना घाई करू नकोस – फक्त सव्वा लाखाच्या आतला लाँग टर्म नफा असेल आणि ओढलेला तोटा नसेल तर आता साधा आयटीआर-१ चालतो. शॉर्ट टर्म नफा किंवा तोटा असला की आयटीआर-२.

५४. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय केल्याशिवाय मोबाइल खाली ठेवू नकोस – त्याशिवाय ते भरलेलंच धरत नाहीत, आणि तोट्याची आठ वर्षं तिथेच अडकतात.

५५. नोटीस आली तर घाबरू नकोस आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नकोस, आधी पोर्टलवर तिचा डीआयएन क्रमांक तपास – खरी नोटीस तिथे दिसते आणि उत्तरही घरबसल्या देता येतं. बहुतेक वेळा ती विसरलेल्या डिव्हिडंडची किंवा न जुळलेल्या आकड्याची असते.

५६. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू, म्हणून कलमांचे जुने आकडे सांगणाऱ्यांवर विसंबू नकोस – १९६१ च्या कायद्यातले क्रमांक बदललेत. तू कलम नव्हे, व्यवहाराचा प्रकार आणि तारीख सांग, सीए कलम शोधेल.

५७. सीएकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नकोस, जूनच्या मध्यात टीडीएसचे आकडे पोर्टलवर आले की जा – तेव्हा त्यांना तुझं नीट ऐकायला वेळ असतो, आणि एखादा कागद राहिला तर तो आणायला तुला.

५८. आणि ही वही कुठे ठेवली आहे ते घरातल्या एका माणसाला आज रात्री जेवताना सांगून टाक – शेअर तुझ्या एकट्याचे असले तरी ते मागे राहिले तर शोधणार घरचेच आहेत. वही अजून केलीच नसेल तर नाक्यावरून आधी ती आण, बाकीचे सत्तावन्न नंतर.